भरीचा आवाज

सकाळी ती घरातून निघाली तेव्हा काम अगदी रोजचंच होतं. पर्समध्ये हार्ड डिस्क, हातात डब्याची पिशवी, आणि स्टुडिओत बसून एका गाण्याचं मिक्सिंग संपवायचं. अशी कामं करूनच तिचं घर चालत होतं. आईने आतून विचारलं, "आज कुणाचं गं?" ती म्हणाली, "दाढीच्या बँडचं," आणि आईने पुढे काही विचारायच्या आत चपला अडकवून जिना उतरली.

दाढी हा त्या बँडचा गिटारवाला आणि सर्वेसर्वा. आईबापांनी ठेवलेलं एक नाव त्याला होतं, पण दाढीपुढे ते टिकलं नाही. आणि त्या बँडचा गायक म्हणजे हिचा सख्खा धाकटा भाऊ. होता. मागच्या थंडीत गेला.

कसा गेला ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तिच्या डोक्यात काय धुमसत होतं ते कळेल. दौऱ्यावर निघायच्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता. आई म्हणाली, नको जाऊस. दाढी दारात उभा राहून म्हणाला, "काकू, तिकिटं विकली गेलीत. एक गोळी दिली की होईल ठणठणीत." धाकटा गेला, स्टेजवर उभा राहिला, घसा फाटेस्तोवर ओरडला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग तो गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन आडवा झाला आणि बाकीचे जेवायला गेले. झोपलाय बिचारा, झोपू दे, असं म्हणून कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. हात लावला तेव्हा अंग थंड पडलं होतं.

"कुणाला माहीत होतं?" हे दाढीचं वाक्य. तेव्हा फोनवर म्हणाला, नंतर घरी भेटायला आला तेव्हा म्हणाला, आणि दर वेळी खांदे उडवून म्हणाला. ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. आई समोर बसली होती, घर सांभाळायचं होतं, पाहुण्यांना पाणी द्यायचं होतं. तिने राग गिळला. लोकांनी तिचं कौतुक केलं, किती धीराची पोरगी म्हणून. धीर कसला डोंबलाचा. तिला त्या माणसाची दाढी धरून त्याला जिन्यावरून खाली फरफटत न्यायचं होतं, आणि ते करता आलं नाही याचाच तिला रोज नव्याने संताप येत होता.

स्टुडिओ एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात होता. भिंतींना काळा फोम, जमिनीला जाड गालिचा, खिडकी एकही नाही. वरती भर दुपार असो की काही असो, खाली दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. दार लावून घेतलं की बाहेरच्या जगाचा आवाज तुटायचा आणि स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायला लागायचं. जुन्या गालिच्याचा आणि तापलेल्या यंत्रांचा एक वास तिथे कायम असे. तिला तो वास आवडायचा.

आता या संगीताविषयी. लोकांना वाटतं ही नुसती बोंबाबोंब आहे, माइकसमोर उभं राहायचं आणि केकाटायचं. शेजारपाजारचेही धाकट्याच्या सरावाच्या वेळी आईला विचारायचे, "घरात सगळं ठीक आहे ना?" पण त्या ओरडण्याचं एक शास्त्र आहे, आणि ते रेकॉर्डवर चढवण्याचं तर फारच कडक. एक आवाज मधोमध ठेवायचा. त्याच्याखाली खर्जातली गुरगुर. डाव्या बाजूला तीच ओळ पुन्हा, उजव्या बाजूला पुन्हा. असे थर चढवले की एक माणूस भिंतीएवढा रुंद होतो. बाजूच्या थरांमधली शब्दांची टोकं कापून टाकायची, नाहीतर एकच अक्षर तीनदा ताडताड वाजतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक थर खरोखर ओरडून घ्यायचा. एकाच टेकची, म्हणजे एकदा ओरडून घेतलेल्या ओळीची, कॉपी करून दोन्हीकडे टाकली तर आवाज मोठा होतो, रुंद होत नाही. कारण जिवंत माणूस एकच ओळ दोनदा सारखी ओरडूच शकत नाही. श्वास केसाएवढा मागेपुढे होतो, घसा कुठेतरी वेगळा खरवडतो. त्या फरकातच सगळी जादू असते.

कुणी चोरून कॉपी टाकली आहे का, हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. एका आवाजाची लाट उलटी करायची आणि दोन्ही एकदम वाजवायचे. दोन्ही तंतोतंत एकच असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे शांतता उरते. वेगळे असतील तर दोन्ही वाजत राहतात.

ती पोचली तेव्हा दाढी सोफ्यावर पाय पसरून बसला होता. त्याच्या शेजारी एक किडकिडीत, चष्मेवाला तरुण. दिवसा चष्म्याच्याच दुकानात काम करायचा म्हणे.

"ताई, हा आपला नवा गायक," दाढी म्हणाला.

नवा गडबडीने उठून उभा राहिला. "नमस्कार ताई. तुमच्या भावाचं ऐकूनच मी शिकलो."

तो पोरगा बरा होता. तिला त्याच्यावर रागावायचं होतं, पण ते काही जमेना.

"शेवटच्या गाण्यात मुख्य आवाज ह्याचा," दाढी म्हणाला. "याचे तीन टेक तुझ्या मशीनवर टाकलेत. आणि धाकट्याचा तो एक टेक आहे ना, दौऱ्याच्या आदल्या दिवशी इथेच घेतलेला, तो खाली घाल. भरीला. जरा जाडी येईल."

"भरीला," ती म्हणाली.

"हो. कळला नाही पाहिजे, नुसता जाणवला पाहिजे."

"आणि नाव?"

"नाव कशाला घालायचं? लोक नसते प्रश्न विचारतात. ह्या पोराच्या पहिल्याच गाण्यावर सावट नको. तुला जड जात असेल तर सांग. माझ्याकडे कॉपी आहे, दुसऱ्याकडून करून घेईन."

तिचे कान तापले. ज्याच्या जिवावर बँड उभा राहिला, त्याचा अखेरचा आवाज आता उशीत कापूस कोंबतात तसा कोंबायचा होता, आणि कव्हरावर नावसुद्धा येणार नव्हतं. ती उठून जाऊ शकत होती. पण मग कुणीतरी परका माणूस त्याला कापणार, घासणार, दाबणार. त्यापेक्षा आपल्या हाताने पुरलेला बरा, असं तिला वाटलं. ती खुर्चीत बसली आणि तिने डिस्क जोडली.

आधी तिने नव्याचे तीन थर नीट लावले. मध्ये एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. मग डिस्कवरचा धाकट्याचा टेक मशीनवर उतरवून उघडला. तो गेल्यापासून तिने हा ऐकला नव्हता. गाण्याच्या शेवटी एकच शब्द होता, 'नाही', आणि तो पूर्ण श्वास संपेपर्यंत ताणून ओरडायचा होता. प्रत्येक ओळीआधी धाकटा दातांमधून श्वास ओढायचा. लहानपणी जिन्यावर पडून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता, त्यामुळे त्या श्वासात एक बारीक शीळ असायची. ती शीळ आली आणि तिने ती मागे नेऊन पुन्हा एकदा ऐकली.

तिने तो आवाज अगदी खाली ठेवला आणि गाणं लावलं.

"खाली घे," दाढी लगेच म्हणाला. "तोच वर येतोय."

तिने आणखी खाली घेतला.

"अगं, खाली घे म्हणतोय ना."

"खालीच आहे."

"मग मला काय भास होतोय का? नव्याचा आवाज कुठाय?"

तिने आवाज कमीजास्त करायचा फेडर पार तळाला नेला. मग म्यूट दाबलं. धाकट्याच्या पट्टीवरचा दिवा विझला. गाणं पुन्हा सुरू केलं, आणि दोन्ही स्पीकरमधून, अगदी समोरून, तुटक्या दातातून ओढलेला तो श्वास आला. मागोमाग तो आवाज.

तिने नव्याचे तीन टेक एकेक करून वाजवले. पहिल्यात शीळ होती. दुसऱ्यात होती. तिसऱ्यातही होती. नव्याचे दात मात्र मोत्यासारखे सरळ होते, ते तिने मघाशी पाहिले होते. तिने पहिला टेक आणि दुसरा टेक समोरासमोर ठेवले, एकाची लाट उलटी केली आणि बटण दाबलं.

शांतता. पार शेवटपर्यंत, ठार शांतता.

"कॉपी आहे ही," दाढी उसळून म्हणाला. "तू कॉपी केलीस. मला दाखवायला, माझं नाक कापायला तू धाकट्याचा टेक तिन्ही ठिकाणी चिकटवलास."

"तोंड सांभाळून बोल," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज त्याच्यावर चढला. "फायली तू आणल्यास. तू माझ्या मशीनवर चढवल्यास. आणि आयुष्यात मी कधी कॉपी टाकलेली नाही. चोरी करायची असती तर तुझ्यासारख्यासाठी केली नसती."

"मग हे काय आहे?"

"तुझ्या नव्याला आत पाठव. आत्ता घेऊ. तुझ्या डोळ्यांसमोर."

नवा काचेपलीकडच्या खोलीत गेला. त्याने हेडफोन चढवले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि माइकसमोर उभा राहिला. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं. काचेतून तो स्पष्ट दिसत होता. त्याचं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, मध्येच त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला, आणि पडद्यावर लाट उमटत गेली. ती लाट तिला पाठ होती. तिने शेवटच्या 'नाही'पर्यंत रेकॉर्ड होऊ दिलं, तो ताजा टेक धाकट्याच्या टेकशेजारी लावला, उलटा केला आणि दोन्ही वाजवले.

काहीच वाजलं नाही. तळघरात फक्त पंख्याची घरघर होती.

नवा दार उघडून बाहेर आला. चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई... मी ओरडलो नाही."

"म्हणजे?"

"मी तोंड उघडलं... त्याच्या आधीच सुरू झालं होतं. आत, त्या खोलीत. मला वाटलं हेडफोनमध्ये आहे, म्हणून मी एक कान मोकळा करून पाहिला. तरी..." त्याने गळ्यावर हात ठेवला. "घसा दुखायला पाहिजे ना? जरासुद्धा दुखत नाहीये."

"मूर्खपणा करू नकोस," दाढी म्हणाला.

नव्याने चष्मा चढवला, पिशवी उचलली. "दादा, माफ करा. मला नाही जमणार. कुणीतरी आधीच उभं आहे तिथे." जाताना त्याने तिला वाकून नमस्कार केला, आणि जिन्यावर त्याची पावलं भराभर वर गेली.

दाढीचा पारा चढला. भ्यायलेल्या माणसाचा चढतो तसा, एकदम. "मेल्यावर पण ह्याचे नखरे आहेतच का?" असं म्हणून त्याने तिला बाजूला सारलं, माउस हिसकावला आणि मशीनवरचा धाकट्याचा टेक पुसून टाकला. तेवढ्याने भागेना म्हणून खिशातला पेनड्राइव्ह काढून त्यावरची कॉपीही पुसली. "संपलं. कटकट गेली. आता लाव, बघू."

तिने लावलं. ड्रम वाजले, गिटार आली. आणि जिथे आवाज यायला हवा तिथे काहीही नव्हतं. नव्याच्या पट्ट्यांवर लाटा दिसत होत्या, दिवे नाचत होते, स्पीकरच्या जाळ्या थरथरत होत्या, पण तिला अक्षरही ऐकू येत नव्हतं.

दाढीने मात्र दोन्ही कानांवर हात दाबले.

"बंद कर," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो वाकला. सोफ्याच्या कडेला गुडघ्यावर बसला. त्याचे डोळे घट्ट मिटले होते आणि दाढी घामाने ओली झाली होती. "बंद कर... अगं, बंद कर ना... ताई..."

बटण तिच्या बोटाखालीच होतं. तिने ते दाबलं नाही. ती खुर्चीत पाठ टेकून बसली आणि गाणं शेवटपर्यंत वाजू दिलं. तिला भीती वाटत होती, हे खोटं नाही. पण त्याहून जास्त तिला बरं वाटत होतं. इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी सैल झालं होतं. ऐक, असं ती मनात म्हणत होती, ऐक आता. तो गाडीत हाक मारत असेल, तेव्हा नाही ऐकलंस.

गाणं संपलं तरी दाढीने हात काढले नाहीत. तो तसाच, कान दाबून, खांद्याने दार ढकलून वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो ओरडून बोलत होता, जत्रेच्या गोंगाटात बोलावं तसा, पण त्याच्यामागे कसलाच गोंगाट नव्हता. "तुला हवं तसं कर. त्याचं नाव टाक, पहिलं टाक. मी कुठेही मध्ये येत नाही." मग तो म्हणाला, "फक्त त्याला सांग ना... थांब म्हणावं."

"कुणाला माहीत होतं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिच्या डिस्कवर मूळ टेक सुखरूप होता. तिने नव्याचे सगळे थर काढून टाकले. धाकट्याला मधोमध ठेवलं. डावीकडे कुणी नाही, उजवीकडे कुणी नाही, खाली गुरगुर नाही. नियमाने हे चूक होतं. अशा गाण्यात एकटा आवाज गिटारींच्या मध्ये बोडका दिसतो. पण तिला त्याला कुणाच्याही खाली, कुणाच्याही मागे ठेवायचं नव्हतं. श्वासाची शीळसुद्धा तिने कापली नाही. नाव पहिलं घातलं. आता तो शांत होईल, असं तिला मनापासून वाटलं, आणि तळघराचा दिवा मालवून ती दुपारचीच घरी आली.

आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तो असताना आईने त्याचं एकही गाणं पूर्ण ऐकलं नव्हतं. तो सराव करायला लागला की ती हळूच दार ओढून घ्यायची. आई मुळातच हलक्या आवाजाची बाई. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तीही कुजबुजत.

"झालं का त्याचं?" आईने विचारलं.

तिला धक्काच बसला. "तुला कुणी सांगितलं त्याचं आहे म्हणून?"

"लाव," आई म्हणाली.

तिने छोटा स्पीकर टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. आई टेबलाच्या कडेला बोटं धरून ऐकत राहिली. खिडकीतून ऊन आत येत होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. गाणं संपलं. आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. त्या चेहऱ्यावर असा राग लेकीने जन्मात पाहिला नव्हता.

"एकटाच ओरडतोय तो," आई म्हणाली.

"मीच ठेवलाय तसा. त्याच्यावर कुणी नको म्हणून..."

"एकट्याला ओरडायला लावलंस?" आईने आपली खुर्ची उचलून स्पीकरच्या डाव्या अंगाला ठेवली. "पुन्हा लाव. आणि तू तिकडे बस."

काय चाललंय हे तिला कळत होतं आणि कळतही नव्हतं. ती उजवीकडे बसली. गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीआधी त्याने दातांतून श्वास ओढला, आणि आईने तोंड उघडलं.

त्या हलक्या आवाजाच्या बाईच्या गळ्यातून जे बाहेर आलं ते तिने कुठल्याही माइकमधून कधी ऐकलं नव्हतं. खोल, खरखरीत, जमिनीखालून आल्यासारखं. आई एकेक शब्द बिनचूक त्याच्याबरोबर म्हणत होती. मग लेकीच्याही छातीत काहीतरी फाटलं आणि तीही सुरू झाली. तिने रोखायचा प्रयत्नही केला नाही. दाढीवरचा राग, त्या गोळीवरचा, त्या गाडीवरचा, जेवायला गेलेल्या सगळ्यांवरचा, सांत्वनाला आलेल्या लोकांवरचा, आणि तापात निघून गेलेल्या त्या गाढवावरचासुद्धा, सगळा एकदम वर आला. टेबलावरचे पेले थरथरायला लागले. डावीकडे आई, उजवीकडे ती, मधोमध तो. कशी रुंद भिंत उभी राहिली होती. तिच्या कानाला खोट काढायला जागा नव्हती.

शेवटचं 'नाही' आलं. तिघांनी ते ताणलं. तिचा श्वास संपला. आईचाही संपला. गाणं संपलं आणि स्पीकरचा दिवा आपोआप विझला.

मधला आवाज थांबला नाही.

तिने हात लांब करून स्पीकर उलटा केला, त्याची वायर काढली. आवाज तिथेच होता, टेबलाच्या वर, माणूस उभा राहील तेवढ्या उंचीवर, त्याच एका शब्दावर, श्वास न घेता. खाली गाडी धुणाऱ्याने पाणी बंद केलं होतं.

"आई..." ती म्हणाली. "आई, पुरे आता... उठ..."

आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती पुढचा श्वास भरून घेत होती.